चौथा रकाना

गोदाक्का मागच्या बाईशी भांडायला वळली, तेवढ्यात मी तिच्या कॅनमध्ये करंगळी बुडवली आणि जिभेला लावली. दूध खारट होतं.

"काय चाखताय वो, फॅटवाले भाऊ? घरी मिळंना व्हय दूध?"

तिच्या पाठीलाही डोळे होते. रांगेतल्या बायका खिदळल्या. मीही हसलो. त्या आठवड्यात मी तिच्याकडं बघून रोजच हसत होतो, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. आत मात्र माझी तगमग चालली होती. खुर्चीवर बसवत नव्हतं, चहा गोड लागत नव्हता. पाहुणे यायच्या दिवशी घरातली बाई दर पाच मिनिटांनी दारात येते, तसा मी उठून उठून रजिस्टर उघडून बघत होतो.

"काही नाही अक्का," मी म्हटलं, "माशी पडली होती."

"माशी चाखून बघत्यात व्हय?" म्हणत तिनं रिकामा कॅन उचलला आणि गेली.

मी रजिस्टर ओढलं. सभासद क्रमांक एकोणचाळीस, गोदावरी यशवंत सुतार. लिटर साडेसात. फॅट ४.२. एसएनएफ ८.०. पेन बंद केलं आणि मनाशी म्हटलं, अक्का, आता सापडलात.

ही गोष्ट कोंढारवाडीच्या दूध संस्थेतली. मी तिथं टेस्टर होतो. माणसं दूध आणायची, मी ते मापायचो, पळीभर नमुना बाटलीत घ्यायचो, यंत्राची नळी त्यात बुडवायचो. यंत्र अर्धा मिनिट गुरगुरायचं आणि आकडे दाखवायचं. फॅट म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुधातलं पाणी आणि फॅट सोडून जे उरतं, साखर, प्रथिनं, क्षार, ते एसएनएफ. ती साडेआठच्या खाली आली की पाणी घातलं, एवढं गावातलं शेंबडं पोरही सांगेल. फॅट मी मोठ्यानं ओरडून सांगायचो. एसएनएफ मुकाट्यानं रजिस्टरात जायची.

आणि त्या रजिस्टरातून मी गाव वाचायचो. शेवंताची सासू लेकीकडं गेली की शेवंताची फॅट दोन-तीन पॉइंटांनी वर जायची, म्हणजे एरवी साय कोण काढून घेतं ते समजायचं. बाळकू गोंदकराची एसएनएफ लग्नसराईत पडायची, कारण घरी पाहुणे आणि चहा वाढायचा, आणि संस्थेला घालायचं दूध तेवढंच दिसायला हवं असायचं. दोन भावांच्या वाटण्या होणार हे मला गावाच्या आधी महिनाभर कळलं होतं. एका गोठ्यातलं दूध दोन कॅनांतून यायला लागलं आणि दोन्हींचे आकडे जुळेनात. लोक म्हणायचे, "रंगनाथला सगळं कळतं." मी नाही नाही म्हणायचो, पण ऐकायला आवडायचं.

फक्त गोदाक्काचं मला काही कळत नव्हतं. वर्षभर तिची एसएनएफ ८.६ नाहीतर ८.७. त्या आकड्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच.

त्यात चैत्रात तिनं मला भर रांगेत उताणं पाडलं होतं. गर्दी होती, मी घाईत तिच्या कॅनमधून वरच्यावर पळी भरून घेतली. तिनं माझं मनगट धरलं.

"आधी ढवळा."

"ढवळलंय, अक्का."

"कवा? मी काय डोळं मिटून हुबी हाय? वरचं घेतलं तर साय येती, खालचं घेतलं तर नुसतं पाणी. ज्याच्यावर मर्जी त्याला वरचं, न्हाई त्याला खालचं. आसं करता व्हय, भाऊ?"

मी तसं करत नव्हतो. आळस होता, एवढंच. पण तेव्हापासून "ढवळा, भाऊ" हे गावाला एक खेळणं मिळालं. न्हाव्याकडं गेलो तरी, "ढवळा भाऊ." चहाच्या टपरीवर साखर घातली की, "ढवळा भाऊ." मामानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं, त्या मुलीच्या काकानंही पोह्यांची बशी पुढं करत तेच म्हटलं. ते स्थळ जुळलं नाही. त्याचं कारण दुसरंच होतं, पण मी ते गोदाक्काच्याच नावावर टाकलं.

आता वसुबारसेचं सांगतो. आमच्या संस्थेत त्या दिवशी अंगणात सगळ्यांच्या गाई-वासरं येतात, बायका पूजा करतात. पहिलं कुंकू लागतं ते मानाच्या गाईला. मानाची गाय म्हणजे जिचं दूध वर्षभरात एकदाही साडेआठाच्या खाली उतरलं नाही ती. हे ठरतं टेस्टरच्या रजिस्टरावरून. त्या वर्षी एकच नाव उरलं होतं, गोदाक्काची राजी. काळीपांढरी, शांत, दुसऱ्या वेताची. नवरा यशवंतदाजी मुंबईला ट्रकवर, घरी ही एकटी आणि दावणीला ही एकच गाय. राजीच्या आईला साप चावला तेव्हा राजी दहा दिवसांची होती. गोदाक्कानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. श्रावणातच तिनं वासरासाठी लोकरीचे गोंडे विणून ठेवले होते आणि रांगेत सगळ्यांना दाखवूनही झाले होते.

"पयलं कुकू माझ्या राजीला," ती म्हणायची. "मला काय नगं. माझी पोर हाय ती, तिला मान मिळू द्या."

आणि वसुबारसेला दहा दिवस राहिले असताना, एका बुधवारी सकाळी, यंत्रानं तिच्या दुधाची एसएनएफ ८.४ दाखवली.

मी नळी धुतली. पुन्हा लावली. ८.४.

मान वर केली तेव्हा गोदाक्का पदरानं कपाळ पुसत उभी होती. ऑक्टोबरातलं ऊन सकाळीच चटके देत होतं. मी तिच्याकडं बघून हसलो.

"काय लागली फॅट?"

"चार दोन," मी मोठ्यानं सांगितलं. "झकास."

बाकीचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती सावध झाली असती. एकदा पाणी घालणारा माणूस दुसऱ्यांदाही घालतो, आणि हळूहळू जास्त घालतो, हा माझा अनुभव. मला तिला नीट पकडायचं होतं, मान मिळायच्या तोंडावर, सगळ्यांदेखत.

संध्याकाळी ८.४. दुसऱ्या दिवशी ८.३. मग ८.३, ८.२, पुन्हा ८.३, मग ८.१. पायऱ्या उतरावं तसं.

एकच गोष्ट मला डाचत होती. पाणी घातलं की फॅटही उतरते, उतरलीच पाहिजे. हिची फॅट मात्र चार-दोनवर ठाण मांडून होती. मी दोन दिवस यावर डोकं खाजवलं. मग उलगडलं. बाई साधी नाही. आदल्या दिवशीची साय राखून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी दुधात फेटून घालते. फॅट सांभाळली जाते, कुणाला संशय येत नाही. मी मनातल्या मनात तिला शाबासकीसुद्धा दिली.

आणि पुढच्या बुधवारी संध्याकाळी दूध खारट लागलं तेव्हा शेवटचा धागाही जुळला. पाणी घातलं की दुधाची डिग्री, म्हणजे घट्टपणाचं माप, उतरते. डिग्री चढवायला लोक मीठ घालतात, हे आम्हा टेस्टर लोकांना पाठ असतं. पाणी, वर साय, वर मीठ. तीन तीन थर! एवढी नेटकी लबाडी मी त्याआधी बघितली नव्हती.

रात्रभर कूस बदलत होतो. वाक्यं जुळवत होतो.

गुरुवारी सकाळी मी संस्थेचे अध्यक्ष जालिंदरतात्या यांना मुद्दाम बोलावून घेतलं. तात्या खिडकीपाशी बसून तंबाखू मळत होते.

गोदाक्कानं कॅन ठेवला. मी पळी घेतली, कॅनमध्ये खालपासून वरपर्यंत चांगली दहा वेळा फिरवली, सगळ्यांना दिसेल अशी.

"आज लई ढवळताय," ती म्हणाली.

"आज ढवळायलाच पाहिजे, अक्का."

यंत्र गुरगुरलं. मी आकडा बघितला आणि खुर्ची मागं सारून उभा राहिलो.

"का वो? फॅट लागली न्हाई?"

"फॅट लागली. बाकीचं नाही लागलं. एसएनएफ सात नऊ. यंत्र म्हणतंय, पाणी सहा टक्के."

रांगेतल्या माना पुढं आल्या. गोदाक्का मात्र हसली. तिला खरंच वाटलं मी गंमत करतोय.

"यंत्राला घाम आलाय. पुसा त्येला."

मी याची तयारी केलेली होती. मागच्या शेवंताचं दूध लावलं. एसएनएफ ८.६. पुन्हा गोदाक्काचं लावलं. ७.९.

"आणि मीठही आहे," मी म्हटलं. "डिग्री चढवायला घातलेलं. काल मी चाखलं."

"मीठ?" तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, पण आता त्यात काही नव्हतं. "मी दुधात मीठ घालीन? राजीच्या दुधात?"

"आणि साय," मी म्हटलं. एकदा सुरू झालो की थांबवत नाही.

फाटकाजवळ संस्थेचा काळा फळा आहे. ज्याच्या दुधात पाणी सापडेल त्याचं नाव त्यावर आठ दिवस राहतं. मी खडू घेतला आणि लिहिलं: ३९, गोदावरी सुतार. अक्षर मी मुद्दाम चांगलं काढलं.

ती फळ्याकडं बघत उभी राहिली. मग तात्यांकडं वळली.

"तात्या, समक्ष धारेचा नियम हाय न्हवं?"

"आहे," तात्या तंबाखू न टाकताच म्हणाले. ज्याला आकडा मान्य नाही त्याच्या गोठ्यात जाऊन संस्थेच्या माणसानं डोळ्यांसमोर धार काढून घ्यायची, असा तो नियम. पाच-सहा वर्षांत कुणी मागितली नव्हती. ज्यांची नावं फळ्यावर लागली त्यांना मागण्यात राम नव्हता.

"मग सांजच्याला या. भांडं तुमचं आणा. कास धुवायला पाणी तुमचं आणा. हात तेवढं माझं ऱ्हाऊ द्या, त्येबी बघून घ्या."

संध्याकाळी मी, तात्या आणि रांगेतल्या दोन बायका तिच्या गोठ्यात गेलो. बादली मी तीनदा घासून, उन्हात पालथी घालून वाळवलेली होती. गोठा झाडलेला. दावणीला राजी, पलीकडं वासरू. खुंटीला ते लोकरीचे गोंडे.

मी गोदाक्काच्या बांगड्या बघितल्या, पदर झटकायला लावला.

"अंबाड्यातबी बघा, भाऊ," ती म्हणाली. "तितं इहीर हाय माझी."

बायका हसल्या, पण दबून.

तिनं माझ्या पाण्यानं कास धुतली, फडक्यानं कोरडी केली, वासराला क्षणभर लावून सोडवलं आणि बसली. बादलीत धारांचा आवाज सुरू झाला. मी तिच्या हातांवरून नजर हलवली नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी मिटली नाही.

मध्येच राजीनं मागचा डावा पाय उचलला.

"हो हो, बाई," गोदाक्कानं तिच्या मांडीवर हात फिरवला.

"काय झालं?" तात्यांनी विचारलं.

"चार-पाच दिस झालं, डाव्या अंगाला हात लागला की पाय उचलती. माशा लई झाल्यात."

दूध मी स्वतः उचललं, स्वतः संस्थेत आणलं. वाटेत बादली कुणाच्या हातात दिली नाही. ढवळलं, नमुना घेतला, नळी लावली.

फॅट ४.२. एसएनएफ ७.९. पाणी सहा टक्के.

तात्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"रंगनाथ," ते म्हणाले, "आता काय म्हणायचं? गाईनं पाणी घातलं?"

त्या घटकेला मी काय काय केलं ते सांगायला आज लाज वाटते. मी माझ्याच बादलीवर संशय घेतला. बादलीच्या तळाला हात फिरवून बघितला. कास धुवायला मीच नेलेल्या पाण्यावर संशय घेतला. बरोबर आलेल्या दोन बायकांपैकी एकीनं बादलीत काही टाकलं का, तेही आठवून बघितलं. गाईचा विचार मात्र माझ्या मनात एकदाही आला नाही.

तो आला तात्यांच्या मनात. "उद्या सकाळी नदाफ डॉक्टरांना बोलावतो," ते म्हणाले. "तू रजिस्टर घेऊन ये."

नदाफ डॉक्टर तालुक्याच्या दवाखान्यातले, उंच, कमी बोलणारे. शुक्रवारी सकाळी आठाला मोटरसायकलवर आले. कास बघितली, दाबली. बाहेरून सूज नाही, गाठ नाही, धारेला दूध पांढरंशुभ्र.

"कपडे धुवायची पावडर आहे घरात?" त्यांनी विचारलं.

"हाय," गोदाक्का गोंधळून म्हणाली. "काय धुयाचं हाय?"

"आणा. आणि चार करवंट्या."

त्यांनी पावडर पाण्यात विरघळवली. एका सडाचं दूध एका करवंटीत, असं चारही सडांचं दूध चार करवंट्यांत थोडं थोडं काढलं, तेवढंच पावडरीचं पाणी घातलं आणि एकेक करवंटी गोल फिरवली. उजवीकडच्या दोन करवंट्यांत काही झालं नाही, दूध पाण्यासारखं फिरत राहिलं. डावीकडच्या दोन्ही आळल्या. पुढच्या सडाची जरा घट्ट झाली. मागच्या सडाची तर पिठल्यासारखी, करवंटी कलती केली तरी सांडेना.

"दगडी," डॉक्टर म्हणाले. "कासेला आतून सूज आहे, दोन सडांत. बाहेर अजून दिसत नाही."

"पण दूध बरं दिसतंय की वो," गोदाक्का म्हणाली.

"दिसतं बरंच. कास आतून सुजली की दुधातली साखर कमी होते, आणि रक्तातलं मीठ दुधात उतरतं. साखर गेली की एसएनएफ पडते. दूध थोडं खारट लागतं."

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. मला ते जास्त लागलं.

"आणि फॅट?" मीच विचारलं. "फॅट का नाही उतरली?"

"पाणी घातलं असतं तर उतरली असती," डॉक्टर म्हणाले. शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. "तुमचं यंत्र साखरेचा आकडाही दाखवतं ना? खाली चौथ्या ओळीत. तो बघितला नाही?"

"त्याला रकाना नाही," मी म्हटलं. रजिस्टर छापूनच तसं यायचं. लिटर, फॅट, एसएनएफ. तीन रकाने.

डॉक्टरांनी सुईत औषध भरत सहज विचारलं, "कधीपासून पडतेय एसएनएफ?"

रजिस्टर माझ्या काखेत होतं. तात्यांनी हात पुढं केला, पण त्यांच्या आधी गोदाक्कानं केला. मी तिच्या हातात दिलं.

ती चौथीपर्यंत शिकलेली होती. तिनं पान उलटलं, एकोणचाळीस नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि तारखेतारखेनं मागं मागं नेत राहिली. ओठ हलत होते. बोट बुधवारच्या सकाळी थांबलं. मग ती तिथून पुन्हा पुढं आली, मोजत.

"सोळा," ती म्हणाली. "आठ दिस. सोळा धारा. सतराव्याला फळ्यावर लिवलं."

वासरू दाव्याला ओढ देत होतं.

"डॉक्टर, पयल्या बुधवारी कळलं आसतं तर?"

"तेव्हा नुकतंच लागलं असणार. बहुतेक दोन्ही सड वाचले असते." त्यांनी राजीच्या पाठीवर थोपटलं. "पुढचा वाचेल. मागच्याचं काही सांगता येत नाही."

"साडेआठाच्या खाली आली की त्याच दिवशी सभासदाला सांगायचं, असा नियम आहे आपला," तात्या हळूच म्हणाले. "रंगनाथ?"

गोदाक्कानं रजिस्टर मिटलं.

"भाऊ, तुमाला पयल्याच दिवशी दिसलं व्हतं?"

खोटं बोलायला वाव होता. गर्दीत लक्ष गेलं नाही, म्हणता आलं असतं. पण त्या रजिस्टरात आकडे माझ्याच अक्षरात होते, आणि ८.४ च्या खाली मी पहिल्याच दिवशी बारीक रेघ ओढलेली होती. ती तिच्या बोटाखालून गेली होती.

"हो," मी म्हटलं.

"म्हून हासत व्हता." ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली. "मला वाटलं, भाऊंचं कुटं जुळलं. मी शेवंताला म्हटलंबी, आलीकडं खुशीत असत्यात."

मग ती राजीच्या डाव्या बाजूला गेली, बसली आणि कासेवर तळहात ठेवला. राजीनं पाय उचलला, पुन्हा टेकवला.

"पाय उचलत व्हती," ती म्हणाली. "मी माशांवर घातलं. तुमी माझ्यावर घातलं. तिच्याकडं कुनी बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी वसुबारस. फळ्यावरचं नाव तात्यांनी सकाळीच स्वतः पुसलं, ओल्या फडक्यानं, दोनदा. अंगण गाईंनी भरलं. गोदाक्का राजीला आणि वासराला घेऊन आली. वासराच्या गळ्यात गोंडे होते.

तात्या पुढं झाले. "अक्का, राजीला पुढं आणा. पहिलं कुंकू तिचंच."

"न्हाई बसत नियमात," गोदाक्का म्हणाली. "साडेआठाच्या खाली हाय. भाऊनं लिवलंय, सतरा येळा. सोळा येळा चोरून आन् एकदा उघड."

"अहो, पण ते आजारपणामुळं..."

"आकडा आकडा हाय, तात्या. माझ्यासाठी येगळा नगं."

तिनं राजीला रांगेच्या अगदी शेवटी बांधलं आणि शेवटी तिची पूजा केली. त्या वर्षी मानाची गाय झालीच नाही. मी तबक धरून उभा होतो, आणि कुंकवाची बोटं माझ्याजवळून पुढं जाताना प्रत्येक बाई माझ्याकडं बघून जात होती.

अंगण रिकामं झाल्यावर ती आत आली. मी खुर्चीवरून उठलो. तिनं टेबलावरचं रजिस्टर उघडलं, फूटपट्टी घेतली आणि एसएनएफच्या पुढं, पानाच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत, एक उभी रेघ ओढली. जरा वाकडी आली. तिनं ती तशीच ठेवली.

"यात साखर लिहू?" मी विचारलं.

"साखर लिवा, काय वाट्टंल ते लिवा. पर आधी इचारायचं. मानसानं कॅन ठिवला की मशीन लावायच्या आधी इचारायचं, गाय कशी हाय. इचारलं की हितं खूण करायची. मग आकडा."

"तुम्हाला?"

"रेघ सगळ्या पानावर मारली न्हवं?"

औषध चालू होतं तोवर राजीचं दूध संस्थेत येत नव्हतं. ते तीन आठवडे मी बाकीच्यांना विचारत राहिलो. सुरुवातीला लोकांना हसू यायचं. बाळकू गोंदकर म्हणायचा, "गाय मजेत आहे, तुमची आठवण काढते." मी खूण करायचो. मग कुणी म्हणालं, कालपासून चारा टाकते. कुणी म्हणालं, एका सडात गुठळी येते. मी चौथ्या ओळीतला आकडा बघायला लागलो. पुढच्या दोन वर्षांत अकरा गाई सापडल्या, बाहेर काही दिसायच्या आधी. त्यांतल्या नऊ चारही सडांवर राहिल्या. हा हिशोब मी आजही ठेवतो, आता नव्या टेस्टर लोकांना शिकवताना तोच आधी सांगतो. गोदाक्काचं नाव सांगत नाही.

राजीचा मागचा डावा सड गेला.

तीन आठवड्यांनी गोदाक्का रांगेत आली, कॅन ठेवला आणि हात बांधून उभी राहिली. सगळी रांग कान टवकारून उभी.

"अक्का," मी म्हटलं, "राजी कशी आहे?"

"तीन सडांवर बरी हाय," ती म्हणाली.

मी खूण केली.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. रोज दोन वेळा मी विचारायचो, आणि रोज दोन वेळा ती तेच चार शब्द, त्याच आवाजात, सगळ्यांदेखत म्हणायची. राग नसायचा त्यात, फक्त आकडा असायचा. माझ्याच रजिस्टरासारखा. काही दिवस गावानं ऐकलं, मग गावाचं लक्ष उडालं. माझं उडालं नाही. पहिल्या वर्षात सहाशेच्या वर खुणा झाल्या. राजी आटली, पुन्हा व्याली, कालवड झाली. गोदाक्का कॅन घेऊन पुन्हा रांगेत आली. मी विचारलं. तीन सडांवर बरी हाय.

मग एका सकाळी, माघातली थंडी होती, दुधातून वाफ निघत होती, तिनं कॅन ठेवला.

"अक्का, राजी कशी आहे?"

"बरी हाय," ती म्हणाली.

मी खूण करायला पेन टेकवलं आणि थांबलो. बाकीचे शब्द येतील म्हणून वाट बघितली. आले नाहीत. मान वर केली. ती पदरानं नाक पुसत माझ्याकडंच बघत होती.

पळी उचलली आणि नमुना घ्यायला कॅनमध्ये घातली.

तिनं माझं मनगट धरलं.

"आधी ढवळा," ती म्हणाली.